भाडं चौकटीत बसत नाही

ह्यांच्या हाताला काम मिळालं ते आयटीवाल्यांच्या दुखऱ्या मानांमुळे. हिंजवडीच्या एका कंपनीत मालिशसाठी वेगळी खोली होती. तिथे खुर्चीवर उलटं बसायचं, छातीशी उशी घ्यायची आणि हे मागून मान, खांदे, पाठ दाबून द्यायचे. दिवसभर स्क्रीनसमोर बसलेली पोरं-पोरी नंबर लावून येत. हे जन्मापासून आंधळे. मालिश करणाऱ्याला दिसत नसलं की मुलींना अवघडल्यासारखं होत नाही, असं कंपनीतल्या एका साहेबांनी, हे काम मिळवून देणाऱ्या आमच्या संस्थेला सांगितलं होतं. ते ऐकून हे घरी येऊन म्हणाले, "म्हणजे माझा गुण काय, तर मला दिसत नाही. त्याचा पगार इतकी वर्षं कोणी दिला नव्हता."

मलाही दिसत नाही. लहान असताना गोवर निघाला, त्यात डोळे गेले. वडील नागपूरकडून नोकरीसाठी पुण्याला आलेले, खडकीला कारकून होते. आमच्या बौद्ध घरात दुसरं काही कमी पडलं तरी चालायचं, शाळा चुकलेली चालायची नाही. त्यांनी मला ब्रेल शिकवणाऱ्या शाळेत घातलं आणि पुढे खटपट करून अपंगांच्या कोट्यातून कोथरूडला एसटीडी बूथ मिळवून दिला. त्या बूथवर मी सुखात होते. देशाची बाजारपेठ नुकती मोकळी झाली होती म्हणत, आणि घराघरातली मुलं अमेरिकेला चालली होती. कोणाचा मुलगा कुठल्या गावी आहे, कोणाची सून बाळंतपणाला टेकली आहे, मला सगळं पाठ असायचं. फोनवर सगळेच ओरडून बोलत, जणू आवाज समुद्र ओलांडून पोचवायचा आहे. मग मोबाइल आले. माझ्याकडे नेमाने येणाऱ्या एक काकू एके दिवशी बूथच्या बाहेरच उभ्या राहून मुलाशी मोबाइलवर बोलताना मला ऐकू आल्या. आत आल्या नाहीत. बूथ बंद व्हायला त्यानंतर फार काळ लागला नाही.

हे मला त्या बूथवरच भेटले. पुरंदरमधल्या त्यांच्या गावी शेजाऱ्यांच्या घरी फोन लावून आईला बोलावून घ्यायचे. त्यांचंही घर बौद्ध, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. घरच्यांना प्रश्न पडला होता तो डोळ्यांचा. वडील म्हणाले, "दोघांपैकी एकाला तरी दिसायला हवं गं." मी म्हटलं, "तुम्हा दोघांनाही दिसतं, तरी आई रोज तुमचा चष्मा शोधत असते." ते हसले आणि लग्न झालं.

बिबवेवाडीत आम्ही एका निवृत्त कंडक्टर काकांकडे तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. एक खोली, मागे स्वयंपाकघर. ती जागा आम्ही पायांनी आणि हातांनी पाठ केली होती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज आला की डावीकडे वळायचं, पुढे फरशी संपून माती लागली की घर. हे एकटे बाहेर पडायचे, तीन बस बदलून कुठेही जायचे. मंडईतून भाजी आणायची हौस तर अशी, की वांगी हातात घेऊन त्यांची निवड चालली की भाजीवाले ओरडायचे, आणि हे म्हणायचे, "तुम्ही बघून विकता, आम्ही दाबून घेतो."

संस्था आमच्या घरापासून जवळच होती. एका इमारतीतला हॉल, मालिशच्या खुर्च्या आणि ताईंचं टेबल. ताई पूर्वी बँकेत होत्या. बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा नोकरी सोडून त्यांनी मिळालेल्या पैशांतून ही संस्था काढली. आंधळ्या माणसांना मालिश शिकवायची आणि कंपन्यांमध्ये काम मिळवून द्यायचं. आमच्यासारखी पंधरावीस कुटुंबं त्या संस्थेवर उभी होती. मी तिथेच फोन घ्यायचे, कंपन्यांच्या वेळा ठरवायचे.

मग साथ आली आणि सगळं बंद झालं. कंपनीने कळवलं, 'सेवा तूर्त स्थगित.' त्या 'तूर्त'मध्ये आमचा सगळा संसार होता.

बाकीच्यांचं काय काय बंद झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचं बंद झालं ते हात लावणं. आम्ही जगाला हात लावून बघतो. रस्ता ओलांडताना कोणाचं तरी कोपर धरतो, जिन्याचा कठडा धरतो, टोमॅटो दाबून घेतो. आता ज्याला हात लावावा तो मागे सरकत होता. एकदा मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. मागून एक बाई ओरडल्या, "अहो, गोलात उभ्या राहा ना!"

"कुठला गोल?"

"खाली एवढे मोठे चुन्याचे गोल काढलेत, दिसत नाहीत का?"

"नाही," मी म्हटलं.

मला गोलात आणून उभं करायला कोणी पुढे आलं नाही. ते तरी कसं येणार?

ह्यांच्या हातांना काम राहिलं नाही. सकाळी कणीक मळायला घेत ते इतका वेळ मळत बसायचे की पोळ्या करायची वेळ टळून जायची. मी ओरडले की म्हणायचे, "अगं, हिचे खांदे फार आखडलेत." सुरुवातीला मला हसू यायचं.

शहरातल्या मोठ्या मंडळींनी मिळून काढलेलं एक फाउंडेशन होतं. उद्योजक, मोठे डॉक्टर, आयटी कंपन्या विकून मोकळे झालेले लोक त्यात पैसे घालत आणि फाउंडेशन ते शहरातल्या लहान संस्थांना वाटत असे. साथीसाठी त्यांनी खास निधी काढल्याचं ताईंना कळलं. ताईंनी आम्हा सगळ्यांना एकत्र फोन लावला. आवाज एकमेकांत मिसळत होते. ताई म्हणाल्या, "बोला, काय मागू?"

ह्यांनी सगळ्यांच्या आधी सांगितलं, "घरभाडं मागा ताई. खायचं आम्ही बघून घेऊ, धान्य रेशनवर मिळतंय, गुरुद्वारातून येतंय, नगरसेवक देतोय. पण एकदा घर सुटलं की आम्हाला नवं घर शिकायला वर्ष जातं. आणि आंधळ्या जोडप्याला घर देतो कोण?"

सगळ्यांनी हो म्हटलं. ताईंनी तसंच मागितलं. थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं.

"भाडं देता येणार नाही म्हणाले. त्यांच्या चौकटीत बसत नाही."

"कसली चौकट?"

"त्यांनी ठरवलंय, मदत वस्तूंमध्ये द्यायची. किट. भाडं दिलं तर ते घरमालकाच्या खिशात जातं, गरजूंपर्यंत पोचत नाही, असं म्हणणं आहे."

हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "मग तांदूळ कोणाच्या खिशात जातो म्हणावं? वाण्याच्याच ना?"

ताई म्हणाल्या, "मी सगळं बोलून पाहिलं हो. नाही म्हटलं असतं तर तेही गेलं असतं. बाकीच्यांकडे खरंच काही नाहीये." त्यांचंही खरं होतं. त्यांनी किट घेतले.

किट वाटायला फाउंडेशनच्या एक मॅडम आल्या. आवाज तरुण, बोलणं गोड, मराठी शाळेत शिकल्यासारखं पण मधूनमधून इंग्रजी. आमच्या दारात ताई आणि त्या उभ्या होत्या. मी पुढे होऊन "या" म्हटलं. मॅडमनी ताईंना विचारलं, "ह्या दोघांचं जेवण वगैरे कोण करतं?"

"मीच करते," मी म्हटलं.

"हो का? वा!" त्या पुन्हा ताईंनाच म्हणाल्या, "आणि एकटेच राहतात?"

आतून हे म्हणाले, "दोघं आहोत म्हणजे एकटे नाही."

मॅडम हसल्या. त्यांना ते आवडलं असावं. मग पिशवी माझ्या हातात देऊन फोटो काढला. "थोडं वर बघा ना," म्हणाल्या. वर म्हणजे किती, ते मला कळेना. ताईंनी हनुवटीला बोट लावून माझा चेहरा वळवला. मग आपण हात लावला हे लक्षात येऊन पटकन बोट काढून घेतलं.

तांदूळ, डाळ, तेल, साबण, मास्क, सॅनिटायझर. सोबत हात कसे धुवावेत याचा छापील कागद. पुन्हा किट आले, त्यानंतर आणखी एकदा. रेशनचेही तांदूळ येत होते. आमच्या पलंगाखाली पिशव्यांची रांग लागली. पलंगावरून पाय खाली सोडला की तांदळाला लागायचा. मी काही पिशव्या गिरणीच्या गल्लीतल्या बिगारी कुटुंबांना देऊन टाकल्या, त्यांना खरी गरज होती. त्या बाया म्हणाल्या, "ताई, तेलाची पिशवी असंल तर द्या, भात कशासंग खायाचा?"

एके दिवशी कंडक्टर काका आले. भल्या माणसाला भाडं मागताना घसा खाकरावा लागतो, तसे ते खाकरत होते. ह्यांनी विचारलं, "काका, भाड्याच्या बदल्यात तांदूळ चालेल का? बासमती नाही, पण आहे भरपूर." काका हसले. मग एकदम हसायचे थांबले. "घ्यायला हरकत नव्हती रे," म्हणाले, "पण आमच्याही घरी आलाय."

पुढे फाउंडेशनने ऑनलाइन कार्यक्रम ठेवला. ज्या संस्थांना मदत दिली त्यांतल्या काही लाभार्थींनी देणगीदारांसमोर दोन शब्द बोलायचे. आमच्या संस्थेला एक नाव द्यायचं होतं. 'लाभार्थी' हा शब्द ऐकून हे उठून स्वयंपाकघरात गेले. मी हो म्हटलं. मला आभार मानायचे होतेच, कारण गल्लीतल्या काही घरांत तो तांदूळ खरोखर शिजला होता. आणि मला भाड्याचं सांगायचं होतं. माणसं दुष्ट नव्हती. त्यांना कोणी नीट सांगितलं तर कळेल, असं मला वाटत होतं. फोनवर बोलून पोट भरलेली बाई मी, आणखी कुणाला जमणार?

मॅडमनी आदल्या दिवशी फोन केला. "व्हिडिओ ऑन ठेवा हं. चेहरा दिसला की लोक कनेक्ट होतात."

"कॅमेऱ्यात मी येतेय की भिंत, ते मला कसं कळणार?"

"कोणी असेल ना मदतीला? आणि तुमचा फोन मध्येमध्ये बोलतो ना, तो आवाज बंद करून ठेवा, प्लीज. कार्यक्रमात डिस्टर्ब होतं."

माझा फोन बोलतो म्हणूनच मला तो वापरता येतो. पडद्यावर काय चाललंय ते तो सांगतो. तो आवाज मी बंद केला. काकू, म्हणजे कंडक्टर काकांच्या बायको, मदतीला आल्या. त्यांनी डब्यावर डबा ठेवून फोन उभा केला, माझा पदर सारखा केला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. हेही भिंतीला टेकून बसले.

आधी भाषणं झाली. इंग्रजीतच बहुतेक. मग माझं नाव घेतलं. मी सांगितलं की मी कोण, हे काय करतात. किट मिळाले त्याबद्दल मनापासून आभार मानले. मग म्हटलं, "पण..."

पण म्हणून मी पुढे सांगू लागले, की आम्ही भाडं मागितलं होतं. आंधळ्या माणसाला घर म्हणजे नुसत्या चार भिंती नाहीत, तो त्याचा रस्ता असतो. घर गेलं तर हे पुन्हा एकटे बाहेर पडू शकणार नाहीत. आमच्यातल्या दोघांनी खोल्या सोडल्या आहेत, आम्हालाही सोडावी लागेल. अजून वेळ गेलेली नाही. मी बोलत असताना तिकडून मॅडमचा आवाज आला, "थँक यू सो मच, किती इन्स्पायरिंग," आणि टाळ्या. मला वाटलं, त्यांना मी संपवलं असं वाटलंय. मी आवाज चढवला. "ऐका ना, माझं राहिलंय," म्हटलं. त्या पुढच्या संस्थेचं नाव सांगत होत्या. मी आणखी मोठ्याने बोलले. कोणी 'हो' नाही, 'थांबा' नाही. जणू मी तिथे नव्हतेच.

कार्यक्रम संपल्यावर ताईंचा फोन आला. "छान बोललात," म्हणाल्या.

"भाड्याचं ऐकलं का त्यांनी? काय म्हणाले?"

ताई म्हणाल्या, "तुमचं 'पण' पर्यंत ऐकू आलं. मग तुम्हाला म्यूट केलं त्यांनी. वेळ कमी होता म्हणे. ओठ हलताना दिसत होते."

ओठ हलताना सगळ्या शहराच्या दानशूर मंडळींना दिसत होते आणि ऐकणारं कोण होतं, तर भिंतीला टेकून बसलेले हे आणि दारातल्या काकू. काकूंनी त्यांच्या घरी जाऊन काकांना सगळं सांगितलं असणार, कारण त्यानंतर बरेच दिवस काका भाडं मागायला आले नाहीत. मी ज्यांच्यासाठी बोलले त्यांना काही कळलं नाही, आणि ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं त्यांनी तेवढं दिलं.

शेवटी काका आलेच. त्यांचा मुलगा बाणेरला फ्लॅट घेऊन राहायचा, आयटीत होता. पगार कापला, हप्ता झेपेना. फ्लॅट भाड्याने देऊन तो बायको-मुलासह घरी परत येत होता. त्याला दिवसभर कॉम्प्युटरवर बसायला शांत खोली हवी होती.

"भाडं चालू असतं तर मी त्याला म्हटलं असतं, माळ्यावर बस," काका म्हणाले. "आता कुठल्या तोंडाने म्हणू?"

हे म्हणाले, "काका, तुम्ही खूप थांबलात." त्यांच्या मनात काकांबद्दल राग नव्हता. मलाही काकांचा राग आला नाही. राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं, तो अजूनही सुटाच आहे.

आम्ही ह्यांच्या भावाकडे गावी गेलो. दीर-जाऊ वाईट नव्हते. जाऊ म्हणायची, "हितं काय कमी हाय तुम्हाला? दोन घास आमच्यातले." खरंच कमी नव्हतं. पण हे लहानपणीच शिकायला गाव सोडून आलेले. घर नवं बांधलेलं, अंगणात रोज काहीतरी वेगळं पडलेलं, कधी ट्रॅक्टरचं टायर, कधी कांद्याच्या गोणी. कुत्री सुटी. फूटपाथ नाही, गिरणी नाही, वळायची खूण नाही. हे दोनदा पडले. मग दिराने दारापासून संडासापर्यंत दोरी बांधून दिली. मायेने बांधली, गाठी घट्ट आहेत ना ते दोनदा ओढून पाहिलं.

त्या दोरीला धरून हे जायचे आणि यायचे. बाकी वेळ बाजेवर. एकदा परत येऊन बसले आणि म्हणाले, "मी स्वारगेटला बस बदलायचो गं." तीन बस बदलून जाणारा माणूस आता एका दोरीएवढ्या जगात राहत होता, आणि ती दोरी बांधणाऱ्याचे आभार मानायचे होते.

कंपन्या उघडल्यावर ताईंनी चौकशी केली. बरेचसे लोक अजून घरूनच काम करत होते. आणि मालिशच्या खोलीत आता मशिनच्या खुर्च्या बसवल्या होत्या. बटण दाबलं की झालं, स्पर्शाचा प्रश्न नाही. ताईंनी पुन्हा फाउंडेशनकडे अर्ज केला, माणसांना दुसरं काही शिकवण्यासाठी. मॅडम तितक्याच गोड बोलल्या. यंदा त्यांचा भर पर्यावरणावर होता. साथीचा विषय संपला होता. मागच्या वर्षीच्या अहवालात आमच्या संस्थेचं नाव चांगलं आलं आहे, एवढंही त्यांनी सांगितलं. ताईंनी आधी कंपन्यांचं काम थांबवलं, मग हॉल सोडला.

आम्ही पुण्यात परत आलो ते माझ्या हट्टामुळे. एका दवाखान्यात फोन घ्यायची नोकरी मला ओळखीतून मिळाली. कात्रजच्या पलीकडे चढावर एक खोली मिळाली, घरमालकाला आधीच सांगितलं की दोघांनाही दिसत नाही, त्याने जास्त अनामत मागितली. हे तिथे अजून एकटे बाहेर पडत नाहीत. शिकतील, असं मी म्हणते. चढाला कठडा नाही, रस्ता रोज खणलेला. सकाळी एका फिजिओथेरपिस्टकडे थोडं काम असतं, तेव्हा रिक्षावाला दारातून नेतो आणि दारात सोडतो.

मध्यंतरी ताई आल्या होत्या. थकल्यासारखा आवाज येत होता. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "मी भाड्यासाठी जास्त भांडायला हवं होतं. किट नको म्हणायला हवं होतं. तेव्हा धीर झाला नाही."

माझ्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, छे हो, तुम्ही काय करणार होतात. ते खरंही होतं. गोड बोलणाऱ्या, चौकटी आखणाऱ्या आणि हातात पैसा असलेल्या माणसांसमोर एकटी बाई काय करणार? पण ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी कप उचलून आत नेले आणि नळ सोडला.

बाहेर हे त्यांना विचारत होते, "ताई, गुडघे कसे आहेत तुमचे? बसा जरा, बघतो." ताई नको नको म्हणत होत्या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.